लेन्सवरचा थर आणि काचबिंदू : बाबांच्या कागदावरच्या ‘पीएक्सएफ’चं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. वडील 71 वर्षांचे, मालवणजवळच्या गावात राहतात. उभा जन्म समुद्रावर गेला, शेवटची बरीच वर्षं तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख होते. मुलगा डोंबिवलीला. गणपतीत घरी गेल्यावर त्याने बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शिवाय उजव्या डोळ्याच्या लेन्सवर ‘प्रोटीनचा थर’ साचलाय, त्या डोळ्याचं प्रेशर 28 आहे (डाव्याचं 17), काचबिंदूची सुरुवात आहे आणि ऑपरेशन जपून करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. रात्री एक थेंब सुरू केला आणि कागदावर ‘पीएक्सएफ’ (स्यूडोएक्सफोलिएशन, म्हणजे हाच थराचा आजार) लिहून दिलं. आता मुलगा विचारतो : हा थर कशाने आला? मासे, अंडी बंद करायची का? थर पुसून काढता येतो का? मोतीबिंदूबरोबर तो जाईल का? डाव्या डोळ्याचं काय, आणि आम्हा भावंडांचं काय?

सुरुवात ताटापासून करतो, कारण तो विषय लगेच मिटतो. बाबांचा बांगडा बंद करू नका. प्रोटीन म्हटलं की आपल्याकडे आधी ताटातली मासळी उचलली जाते. पण या थराचा खाण्यातल्या प्रोटीनशी काही संबंध नाही. तो डोळ्याच्या आतच तयार होतो. लेन्सच्या पृष्ठभागावरच्या पेशी, बुबुळाच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) मागच्या बाजूच्या पेशी आणि डोळ्यातलं पाणी तयार करणारा भाग या सगळ्यांतून एक बारीक तंतूंचा पदार्थ बाहेर पडत राहतो. आपल्या कातडीला, रक्तवाहिन्यांना ताण देऊन पुन्हा जागेवर आणणारे जे लवचिक धागे असतात, त्यांच्याच जातीची ही प्रोटीनं, पण बिघडलेल्या बांधणीची. ती विरघळत नाहीत, निचरा होत नाही, साचत जातात. लेन्सवर ती आम्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना दिसतात म्हणून ‘लेन्सवरचा थर’ म्हणायचं, एवढंच. प्रत्यक्षात हा पदार्थ बुबुळाच्या कडेला, लेन्सला धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांवर आणि पाण्याचा निचरा करणाऱ्या जाळीतही असतो. तो हृदय, फुप्फुस, यकृत, त्वचा यांतही सापडलाय, पण त्यामुळे बाबांच्या बाकीच्या तपासण्या वाढवाव्यात असं मला वाटत नाही.

हा आजार फिनलंडच्या जॉन लिंडबर्ग यांनी 1917 मध्ये पहिल्यांदा वर्णन केला. त्यामुळे बरीच वर्षं तो उत्तर युरोपातल्या गोऱ्या म्हाताऱ्यांचा आजार समजला जाई. ते खरं नाही. दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांत चाळिशीच्या पुढच्या दर शंभरात साधारण तीन ते सहा जणांत तो दिसला आहे. आणि वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. पन्नाशीच्या आत तो विरळाच.

मग एवढा असूनही लोकांना माहीत का नाही? कारण बाहुली मोठी केल्याशिवाय तो बहुतेक वेळा दिसतच नाही. स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शक यंत्रावर) साध्या बाहुलीतून पाहिलं तर फार तर बाहुलीच्या काठाला कोंड्यासारखे पांढरट कण चिकटलेले दिसतात, आणि कित्येकांत तेही नाहीत. थेंब घालून बाहुली फाकली की चित्र उघडतं : लेन्सच्या मधोमध एक फिकट, गोल चकती, तिच्याभोवती स्वच्छ पट्टा, आणि त्यापलीकडे कडेकडेने खरखरीत, भुरकट थर. मधला पट्टा स्वच्छ असतो, कारण बाहुली दिवसभर लहानमोठी होताना बुबुळ त्या जागेवर घासत राहतं आणि थर खरवडून काढतं. म्हणजे पुसण्याचं काम डोळा आपोआप करतोच आहे, आणि नुकसानही तिथेच सुरू होतं. घासताना बुबुळाचा रंगही सुटतो. तो रंग आणि थराचे कण दोन्ही पाण्याबरोबर वाहत निचऱ्याच्या जाळीत जाऊन बसतात.

डोळ्यात सतत ताजं पाणी तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळ व पारदर्शक पटल जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून बाहेर पडतं. जाळी तुंबली की आतला दाब वाढतो. त्या दाबाखाली मागची दृष्टीची नस हळूहळू मरते, तो काचबिंदू. साधारण 10 ते 21 मिलिमीटर दाब सामान्य धरतात, त्यामुळे 28 हा नक्कीच जास्त आहे. या आजारात आणखी एक वाईट गोष्ट आहे. ज्या लवचिक धाग्यांच्या बांधणीत बिघाड आहे, तेच धागे नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथल्या आधारातही असतात. त्यामुळे तेवढ्याच दाबाला ही नस साध्या काचबिंदूपेक्षा लवकर मान टाकते. म्हणून आम्ही दाब जास्त खाली आणायचा प्रयत्न करतो आणि रुग्णाला जास्त वेळा बोलावतो.

शिवाय हा दाब दिवसभरात भरती-ओहोटीइतका हलतो. सकाळी 30, दुपारी 19 असं होऊ शकतं. त्यामुळे ‘गेल्या खेपेला प्रेशर नॉर्मल होतं’ या वाक्यावर माझा फारसा भरवसा नसतो. शक्य असेल तर एकदा सकाळी लवकर आणि एकदा संध्याकाळी, अशा वेगवेगळ्या वेळांना दाब मोजून घ्या. एसटीच्या वेळा धरून येणारे आमचे बहुतेक पेशंट नेमके रोज अकरा-बाराच्याच सुमाराला पोचतात, आणि मग कागदावर सगळे आकडे त्या एकाच वेळचे चढत जातात.

एक धीर मात्र देतो. थर असणं म्हणजे काचबिंदू असणं नव्हे. थर असलेल्या पण दाब साधा असलेल्या लोकांच्या एका जुन्या पाहणीत पाच वर्षांत सुमारे 5 टक्के आणि दहा वर्षांत सुमारे 15 टक्के जणांचा दाब वाढला. बाकीचे थर घेऊन बरे राहिले. तुमच्या बाबांच्या उजव्या डोळ्यात दाब आणि नस दोन्हीकडे खूण आहे, म्हणून त्यांचा उपचार सुरू झाला. ते योग्यच आहे.

आता एका गोंधळाबद्दल, कारण त्यात पडून लोकांचे डोळे जातात. ‘लेन्सच्या प्रोटीनमुळे काचबिंदू’ असं ज्याला म्हणता येईल असा आणखी एक प्रकार आहे आणि तो पूर्ण वेगळा आहे. मोतीबिंदू काढायचा सोडून वर्षानुवर्षं पिकू दिला, तर आतला गर दुधासारखा पातळ होतो. त्यातलं प्रोटीन लेन्सच्या आवरणातून झिरपतं, ते खाऊन टाकायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुगतात आणि त्याच जाळीत अडकतात. हा प्रकार चोरपावलांनी येत नाही. डोळा लालभडक, ठणका, अर्धं डोकं फुटेल अशी वेदना, कधी ओकारी, आणि दिसणं तर आधीच गेलेलं. दाब 40-50 वर. रात्र असली तरी त्या रात्रीच दवाखाना गाठायचा. आधी दाब खाली आणतात, मग तो पिकलेला मोतीबिंदू काढतात, आणि वेळेत आले तर दृष्टी बऱ्यापैकी परत येऊ शकते. बाबांना हे झालेलं नाही. पण ‘पिकू दे, मग काढू’ ही आपल्याकडची जुनी समजूत त्यांच्या बाबतीत दुहेरी महागात पडेल, ते का ते पुढे.

पीएक्सएफ असलेल्या डोळ्याचं ऑपरेशन ‘जपून’ करायचं याचा अर्थ असा. लेन्स हवेत तरंगत नाही, तिला चोहोबाजूंनी बारीक दोरे धरून असतात. थर या दोऱ्यांवर साचतो आणि ते कुजल्यासारखे कमजोर होतात. दुसरीकडे बाहुली औषध घालूनही धड फाकत नाही. म्हणजे सर्जनला अरुंद दारातून, सैल बांधलेल्या खोलीत काम करायचं. त्यात मोतीबिंदू पिकून दगड झालेला असेल तर तो फोडताना दोऱ्यांवर आणखी जोर येतो. दोरे तुटले की लेन्स मागे पडू शकते, आतला जेलीसारखा द्रव पुढे येऊ शकतो. हे सगळं टाळता येतं. बाहुली रुंद धरायला आकडे किंवा कडी असते, लेन्सच्या पिशवीला ताण देऊन आकारात ठेवणारी वेगळी कडी असते. फक्त ती टेबलावर आधीच तयार असावी लागते, आणि ती तयार असण्यासाठी सर्जनला ‘पीएक्सएफ’ आधी माहीत असावं लागतं.

म्हणून माझं मुख्य सांगणं हे : तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा. ऑपरेशन कुठेही करा, तिथे पहिल्यांदा तो कागद पुढे करा आणि विचारा, ‘अशा डोळ्यांची ऑपरेशनं तुमच्याकडे होतात का, कडी लागली तर आहे का?’ शिबिरात एका दिवसात पुष्कळ डोळे होतात. साध्या मोतीबिंदूसाठी ती व्यवस्था चांगलीच आहे, असंख्य कोकणी म्हाताऱ्यांना तिने दृष्टी दिली आहे. पण अशा डोळ्यासाठी ठरवून दिलेली तारीख, अनुभवी हात आणि लागलं तर पुढच्या ठिकाणी पाठवायची तयारी हवी. सिंधुदुर्गातून लोक गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात किंवा कोल्हापूरला जातात, तुमच्याकडे मुंबई आहे. डोंबिवलीला तुमच्याकडे महिनाभर ठेवून करून घेणं हा माझ्या मते चांगला पर्याय. ऑपरेशननंतरच्या पहिल्या चोवीस तासांत दाब एकदम चढू शकतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवून चालत नाही, आणि गावात दर खेपेला रिक्षा, एसटी, परत रिक्षा करायची म्हणजे ती चुकतेच.

आणि मोतीबिंदू निघाला की थर जाईल का? नाही. लेन्स गेली तरी बाकीच्या पेशी तो पदार्थ बनवत राहतात. पुढे कित्येकांत तो कृत्रिम लेन्सवरही दिसतो. ऑपरेशननंतर दाब काही मिलिमीटर खाली येतो हे खरं, आणि काहींचे थेंब कमीही होतात. पण मी पाहिलेले सगळ्यात दुःखद डोळे याच टप्प्यावरचे आहेत. मोतीबिंदू काढल्यावर लख्ख दिसायला लागतं, थेंब सुटतो, तपासणी सुटते, आणि तीन-चार वर्षांनी माणूस येतो तेव्हा मधलं दिसणं शाबूत, पण आजूबाजूचं गेलेलं. दारातल्या पायरीला ठेच लागते, बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नाही. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. अशाच एका आजोबांना थेंब चालू ठेवा म्हटलं तर त्यांनी मलाच विचारलं, “डॉक्टरांनू, माका सगळा दिसता, मगे थेंब कित्याक?” प्रश्न रास्त आहे. उत्तर हेच, की थेंब आज दिसण्यासाठी नाही, जे दिसतंय ते पुढेही दिसत राहावं म्हणून आहे. त्यांना मी फील्ड टेस्टचा (आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणाऱ्या तपासणीचा) कागद दाखवला, त्यावरचा काळा भाग बोटाने दाखवला. ते पटलं. बाबांनाही दाखवा. या माणसांनी दर्यावर ढगांचा रंग वाचलाय, आकृती त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

ऑपरेशनच्या कितीतरी वर्षांनंतर कमजोर दोऱ्यांमुळे कृत्रिम लेन्स पिशवीसकट खाली सरकू शकते. अचानक धूसर दिसू लागलं किंवा एकाच डोळ्याने दोन दिसू लागले तर ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणून बसून राहू नका.

थेंबाविषयी थोडं सविस्तर, कारण उपचार फसतो तो इथेच. रात्री एक म्हणजे बहुधा लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट किंवा त्याच गटातलं औषध असेल. बाटलीवरचं नाव वाचा. लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली बहुतेक कंपन्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात, आणि पावसात आपल्याकडे लाईट दोन-दोन दिवस जाते. तेव्हा एका वेळी सहा महिन्यांचा साठा करून गावी पाठवू नका, किंवा फ्रीज न लागणारं औषध चालेल का ते डॉक्टरांना विचारा. उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकायची, उरली असली तरी. लेबलावर तारीख घाला. वेळ ठरवून टाका. तुळशीकडे दिवा लावला की थेंब, असं काही घरांत बसून गेलंय आणि ते मोबाइलच्या गजरापेक्षा जास्त टिकतं.

घालण्याची रीत : खालची पापणी ओढून खिसा करायचा, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवायचा. दुसरा थेंब असेल तर मध्ये पाच मिनिटं सोडायची, नाहीतर पहिला वाहून जातो. आयुष्यभर जाळी ओढलेल्या, सांध्यांत अडकलेल्या बोटांनी ती छोटी बाटली दाबणं सोपं नसतं, त्यामुळे आईने किंवा शेजारच्या नातवाने घालावा. या औषधाने डोळा थोडा लाल होतो, पापणीचे केस वाढतात, डोळ्याभोवती कातडी काळवंडते. त्याला घाबरून बंद करू नका. टिमोलॉल सुरू करायची वेळ आली तर बाबांना दमा किंवा हृदयाचे ठोके मंद पडण्याचा त्रास आहे का ते आधी सांगायचंच. तो थेंब डोळ्यातून रक्तात जातो आणि दमेकऱ्याला खरोखर अडचणीत आणतो. शेजाऱ्याची बाटली म्हणूनच वापरायची नाही. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेले ‘लालीचे थेंब’ त्याहून वाईट, त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं आणि ते दाब वाढवतं. मध, गुलाबपाणी यांचाही इथे काही उपयोग नाही.

थेंबांनी भागलं नाही तर लेझर आहे. जाळीत रंग जास्त साचलेला असल्याने या डोळ्यांत लेझरचा परिणाम सुरुवातीला छान दिसतो, मात्र तो काही वर्षांत ओसरतो. ज्यांना रोज थेंब घालणं जमणारच नाही त्यांना मी तो आधी सुचवतो. त्यानेही दाब आवरला नाही तर पाण्याला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया. तिची वेळ इतक्यात येईल असं तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून वाटत नाही, आणि कधीकधी ती मोतीबिंदूबरोबरच करता येते.

कशाने आलं, याचं उत्तर अर्धं जनुकांत आहे. 2007 मध्ये आइसलंड आणि स्वीडनमधल्या रुग्णांवर झालेल्या संशोधनात लवचिक धागे विणणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकाशी याचा पक्का धागा सापडला. गंमत अशी, की ते जनुकीय रूप कधीच आजारी न पडणाऱ्या असंख्य लोकांतही असतं. त्यामुळे कोणी रक्ताची जनुक तपासणी विकायला आलं तर घेऊ नका. उरलेलं अर्धं बहुधा बाहेरचं. अमेरिका आणि इस्रायलमध्ये 2014 च्या सुमाराला झालेल्या अभ्यासात उघड्यावर जास्त काळ काढणाऱ्यांत, आणि विशेषतः पाण्यावर किंवा बर्फावर काम केलेल्यांत, हा आजार जास्त दिसला. संशय पृष्ठभागावरून परतणाऱ्या उन्हावर आहे. तांडेलाच्या बाबतीत हे वाचून कोणालाही वाटेल की उत्तर सापडलं, पण उलट उदाहरणंही आहेत : बर्फातच राहणाऱ्या इन्युइट लोकांत हा आजार अगदीच कमी आढळला आहे. बाबांच्या डोळ्याला समुद्राने हे केलं, असं मी म्हणणार नाही. तुमचा भाऊ किंवा पुतण्या आज होडीवर जात असेल तर त्याला चांगला गॉगल जरूर घेऊन द्या. टोपी वरचं ऊन अडवते, पाण्यावरून खालून येणारी तिरीप नाही.

डावा डोळा. हा आजार बरेचदा एका डोळ्यात दिसतो आणि दुसऱ्यात काही वर्षांनी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ‘चांगल्या’ डोळ्यातही त्याच्या खुणा सापडतात. तेव्हा डाव्याचं प्रेशर 17 असलं तरी प्रत्येक भेटीत दोन्ही डोळे, आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करून. बाहुली मोठी करण्याआधी निचऱ्याचा कोपरा उघडा आहे का ते एकदा भिंगाने पाहून घ्यायला सांगा. दोरे सैल झाले की लेन्स पुढे सरकून तो अरुंद करू शकते. बाहुली फाकवल्यावर रंग सुटून काही तासांनी दाब चढू शकतो, म्हणून त्या दिवशी घरी परतायची घाई न करता पुन्हा एकदा मोजून घेतलेलं बरं. उजव्यासाठी सध्या दर तीन-चार महिन्यांनी दाब, आणि वर्षातून एकदा तरी फील्ड टेस्ट व नसेचं ओसीटी (नसेची जाडी मोजणारं स्कॅन). जुने कागद टाकू नका, आधीच्या चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय नव्याला अर्थ नसतो. मासेमारी बंदीच्या जून-जुलैत गावातली होडीवाली मंडळी मोकळी असतात, कोणाच्या तरी सोबतीने एक फेरी तेव्हा बसवता येते. दुसरी तुमच्या गणपतीच्या रजेत. उरलेल्या एक-दोन फेऱ्यांसाठी मात्र घरातल्या कोणाला तरी जबाबदारी वाटून द्यावी लागेल.

तुम्हा भावंडांचं म्हणाल तर चाळिशी झाली असेल तर एकदा बाहुली मोठी करून नस आणि दाब तपासून घ्या, मग दोन-तीन वर्षांनी. पण तुमच्यापेक्षा आधी बाबांच्या भावाबहिणींना न्या. काका, आत्या साठीच्या पुढचे असतील, त्यांच्यात सापडण्याची शक्यता तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि त्यांच्यापैकी कोणाचा मोतीबिंदू शिबिरात निघायचा असेल, तर तपासणाऱ्याला आधीच सांगायला सांगा की सख्ख्या भावाला पीएक्सएफ आहे.